हात खाली ठेवून लढणारा

हात वर ठेव, हात वर ठेव. समद्या दुनियेनं माझ्या माउलीला हेच सांगितलं, अन् त्यानं कुणाचंच ऐकलं न्हाई. गरजच पडली न्हाई तर ऐकंल कशाला? हात कमरेपाशी सोडून, हनुवटी वर करून, दात काढत उभा राहायचा रिंगमधी. समोरच्यानं ठोसा टाकला की तवर ह्याचं मुंडकं तिथून गेलेलं असायचं. मग ह्याचा हात यायचा. कुठून आला ते समोरच्याला खाली पडल्यावर बी कळायचं न्हाई. नाव माउली अन् हात यमाचा, असं पोरं म्हणायची.

मी नागाबाई, माउलीची माय. आम्ही मूळचे भोकर तालुक्यातले. माउलीचा बाप दगडोबा गेला तवा हे लेकरू एवढंसं होतं. तेव्हापासून नांदेडच्या बाहेर वीटभट्टीवरच माझी जिंदगी गेली. मला बॉक्सिंगमधलं ओ का ठो कळत न्हाई. पण त्याचे हात कुठं तयार झाले ते सांगते.

भट्टीवर ट्रॉली भरताना खालचं माणूस दोन विटा एकावर एक धरून वर फेकतंय अन् ट्रॉलीतलं माणूस त्या झेलून थप्पी लावतंय. मी फेकायची, माउली झेलायचा. आधी शाळा सुटल्यावर, मग शाळा सोडल्यावर. वर उभा राहून गाणं म्हणायचा, रस्त्यानं जाणाऱ्या पोरींकडं बघायचा, अन् हात आपले झेलून राहिलेत. कधी चिडून मी वाकडीच फेकायची. "बघ की मेल्या समोर!" ती बी झेलायचा, अन् वर मलाच म्हणायचा, "माय, नेम चुकून राहिला तुझा, म्हातारी झालीस." माझ्या हातची वीट त्याच्या हातून कधी सुटली न्हाई, देवाशपथ.

शंकरप्पा सरांना तो तिथंच सापडला. सर उदगीरकडचे, नांदेडात त्यांचं कापडाचं दुकान. कॉलेजात असताना बॉक्सिंग खेळलेले, म्हणून सकाळच्या पारी स्टेडियमवर पोरांना शिकवायचे, तेही फुकट. घर बांधायला विटा बघायला आले, अन् विटा राहिल्या बाजूला, ट्रॉलीकडंच बघत बसले.

"नागाबाई, हे पोरगं मला द्या," म्हणले.

"द्या म्हंजी? बकरं हाय का ते?"

सर हसले, पण हलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशी बी आले. शेवटाला मीच बेजार झाले अन् म्हणलं, जा बाबा, घेऊन जा, पण दुपारच्या ट्रॉलीला वापस पाठवा.

पयले पयले सरांनी लई शिकवायला बघितलं. पाय असा ठेव, कोपर असं ठेव, दोन्ही हात गालापाशी धर. हा म्हणायचा, "सर, हात तोंडापाशी धरून वीट कशी झेलावी माणसानं?" मग एक दिवस कॉलेजातलं चांगलं शिकलेलं पोरगं त्याच्यासमोर उभं केलं. ते पोरगं समदं पुस्तकात लिहिल्यावानी करत होतं, अन् पुस्तकात लिहिल्यावानीच उताणं पडलं. तवापासून सरांची शिकवणी ढिली झाली. दुभत्या गाईच्या लाथा गोड! जिल्ह्यात जिंकला, विभागात जिंकला. पुण्याच्या शिबिरात तिथला मोठा मास्तर म्हणला, ह्या पोराला काहीच येत न्हाई. दुपारी त्याचाच पठ्ठ्या आडवा झाला. माउलीनं घरी येऊन त्या मास्तराची नक्कल करून दाखवली, अन् मी पोट धरधरून हसले.

आता ते हसू आठवलं की अंगाची आग होती. कारण तो मास्तर खोटं बोलला न्हवता. शिकलेल्या पोराचे डोळे दमले तर त्याचे हात असतेत, हात दमले तर पाय असतेत, कायबाय शिकवलेलं असतंय, ते कामाला येतंय. माझ्या लेकराकडं नुसती नजर होती. नजर गेली की मागं काहीच न्हवतं.

ह्या वर्षी एका सरकारी खात्याची खेळाडू भरती निघाली. चाचणी लातूरला. माउलीच्या वजनाला जागा एकच, जो शेवटची लढत जिंकंल त्याची. अन् माउलीचं वय आता काठावर आलेलं. पुढच्या साली अर्ज बी घेणार न्हाईत. ह्या वर्षी न्हाई तर कधीच न्हाई. सर तर येडेच झाले होते. त्यांच्या हाताखालचं एक बी पोरगं कधी नोकरीला लागलं न्हवतं, अन् दुकानात बसून लोक त्यांना हसायचे, की अप्पा, तुमचे पैलवान काय फुकटच मार खायला हायत का?

अन् मला काय नोकरी नको होती व्हय? माझे गुडघे गेलेत, हाताची कातडी विटेवानी झाली. पोराच्या अंगावर इस्त्रीचे कपडे बघायचे होते मला. सून आणायची होती. कुठं काम करतो पोरगा, असं कुणी विचारलं की मान वर करून सांगायचं होतं.

लातूरच्या आधी महिनाभर माउली एक दिवस भट्टीवर आला. म्हणला, माय, बस तू, मी भरतो. म्या म्हणलं, बसायला काय झालं, वर चढ. मी फेकून राहिले, तो झेलून राहिला. जराशानं एक जोडी थोडी डावीकडं गेली, अन् धप्पकन त्याच्या खांद्यावर बसली. विटा खाली पडून फुटल्या.

"झोप झाली न्हाई गं," म्हणला.

मला पटलं न्हाई. जागरण करून, ताप अंगात घेऊन ह्यानं विटा झेलल्यात. म्या एकच वीट उचलली अन् मुद्दाम डावीकडून फेकली, हळू, लागणार न्हाई अशी. अंगावर वीट येताना माणूस निदान डोळा तरी मिटतंय. त्यानं डोळा मिटला न्हाई. त्याला वीट आली हेच कळलं न्हाई.

मी ट्रॉलीवर चढले अन् त्याची कॉलर धरली. "खरं सांग. मायपाशी खोटं बोललास तर बघ."

त्यानं खांद्यावरची विटेची धूळ झटकली. मग म्हणला, "सरावात एकाचं डोकं धडकलं होतं डोळ्यावर, माय. पयले चमकायचं डोळ्यात, दिवाळीवानी. मंग डाव्या डोळ्याला बाजूनं काळा पडदा आला. आता अर्ध्यावर आलाय."

तसाच धरून नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, भिंग लावून बघितलं, अन् माझ्याकडं बघून म्हणल्या, "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय मावशी. ऑपरेशन ताबडतोब करा. अन् ह्या डोळ्यावर आता मार नको. एक ठोसा बसला तरी राहिलेलं दिसणं जाऊ शकतं. मग मी सुद्धा काही करू शकणार नाही."

मी हो म्हणायच्या आधी माउली म्हणला, "लातूर झालं की लगेच करू."

बाहेर ऑटोवाल्यांच्या घोळक्यात आमचं भांडण झालं. मी त्याला नको नको ते बोलले. मुडदा बशिवला तुझ्या बॉक्सिंगचा, म्हणलं. नोकरी गेली खड्ड्यात, डोळा काय बाजारात मिळतो का? त्यानं समदं ऐकून घेतलं. मग म्हणला, "माय, ऑपरेशन केलं की बॉक्सिंग बंद. मंग मी काय करू? वीट बी झेलता यायची न्हाई, नोकरी बी न्हाई. दुसरं काय येतंय मला?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं माझा हात धरला अन् स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय तुला. सरांपाशी, डॉक्टरपाशी, कुणापाशी एक शब्द काढायचा न्हाई. समोरच्याचा हात मला लागतच न्हाई, तुला ठाव हाय."

तुमच्याकडं शपथ म्हंजी काय असतंय मला माहीत न्हाई. आमच्याकडं डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर तिचं पाप त्याच डोक्यावर जातंय. माझं एकच लेकरू. नवरा तर आधीच गेलेला. मी हात काढून घ्यायला बघितलं, त्यानं दाबून धरला. ऑटोवाले बघून राहिले होते. शेवटाला म्या म्हणलं, बरं. इकडं आड अन् तिकडं विहीर, उडी तर मारलीच होती.

लातूरला सरांच्या गाडीतून गेलो. सर माउलीसाठी नवे बूट घेऊन आले होते. गाडी चालवता चालवता म्हणले, "नागाबाई, आजपासून तुमच्या हाताला वीट न्हाई बघा." पुढं बसलेला माउली हसला. सर त्याच्या उजवीकडं, म्हणून त्याला दिसत होते. मागं मी तोंडाला पदर लावून बसले होते. दोनदा शब्द ओठावर आला अन् दोन्ही वेळेला गिळला.

क्रीडा संकुलाच्या हॉलात लढतीआधी एक डॉक्टर पोरांना तपासत होता. रांग ही एवढी मोठी. नाडी बघितली, हाताला पट्टा बांधून बीपी बघितला, डोळ्यात बॅटरी मारली न मारली, अन् म्हणला, पुढचा. मी खांबाला टेकून मनातल्या मनात ओरडून राहिले होते, अरे बाबा, नीट बघ की रे, जरा नीट बघ. तू बघितलंस तर माझी शपथ बी राहील अन् लेकरू बी. त्यानं वर मान करून बघितलं बी न्हाई.

सकाळची लढत माउलीनं पयल्याच फेरीत उरकली. समोरच्याचा एक हात त्याला लागला न्हाई. माझा जीव जरा भांड्यात पडला. म्या मनाला म्हणलं, अगं बया, खरंच बोलतंय लेकरू, ह्याला लागतच न्हाई. आणखी एक लढत, मंग सरळ नांदेड, सरळ दवाखाना. आशा लई हरामखोर असती.

दुपारची शेवटची लढत. समोर निळ्या बनियनचं पोरगं, पुण्याकडून आलेलं, हात गालाला चिकटवलेले, तोंडावर हसू न्हाई की राग न्हाई. पयली फेरी माउलीचीच. हात खाली सोडून असा नाचला, असा वाकला, की समदा हॉल टाळ्या वाजवून राहिला. मी गॅलरीतून वरडले, "हाण, माउली!" त्यानं ऐकलं. वर बघून हसला.

दुसऱ्या फेरीत त्या पोराचा उजवा हात एकदा चुकून लागला. समोरासमोर उभं राहिलं की त्याचा उजवा म्हंजी आमचा डावा. माउलीनं मान हलवलीच न्हाई. त्या पोराला बी नवल वाटलं असंल, ते जरासं थांबलंच. मग त्याच्या मास्तरानं खालून हाक मारली, "राइट टाक! राइट दिसत नाही त्याला!" शत्रूला दिसलं बघा. अन् आमचे सर आपले "शाबास माउली, शाबास" करून राहिलेत.

मंग ते पोरगं डावं सोडून नुसतं उजवंच टाकायला लागलं. एक बसला, दुसरा बसला. माउलीचे हात कमरेपाशीच. दुसरा कुणी असता तर त्यानं हात वर घेऊन तोंड झाकलं असतं. माझ्या लेकराला ते येतच न्हवतं. तो मान झटकायचा, पण ठोसा बसल्यावर. डाव्या डोळ्यावर, परत डोळ्यावर. तरी मधूनच त्याचा एक हात असा जायचा की निळं पोरगं मागं धडपडायचं, अन् लोक शिट्ट्या मारायचे. लोकांना मजा वाटून राहिली होती. मी गॅलरीतून उतरले. कशी उतरले, कुणाच्या पायावर पाय दिला, काय ठाव न्हाई.

घंटा झाली अन् माउली कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला. बिल्ला लावलेलं एक पोरगं मला अडवायला आलं, "मावशी, इथं येता येत न्हाई." त्याला म्या असा ढकलला की ते खुर्चीतच बसलं. पायऱ्या चढून मी दोरीला धरून उभी राहिले, माउलीच्या डाव्या खांद्याला लागून. शपथ न बोलायची होती. उभं राहायला कुणी मना केलं न्हवतं. सरांनी माझ्याकडं डोळे वटारले अन् हातानं खुणावलं, खाली जा. मी हलले न्हाई. माउलीच्या घामाचा वास येत होता मला, इतकी जवळ होते.

माउली धापा टाकत म्हणला, "सर, माय कुठं गेली? गॅलरीत जागा मोकळी दिसून राहिली. रडत बाहेर गेली का?"

सरांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माउलीकडं, परत माझ्याकडं. मी पदर तोंडात कोंबला होता. सरांना समदं कळलं. त्यांच्या तोंडाचा रंगच गेला. मी देवाला हात जोडले, बाबा, झालं, सुटलो. आता हा माणूस टॉवेल टाकंल, लढत थांबवंल.

सरांनी माउलीच्या तोंडावर पाणी मारलं.

"वरच हायत तुझ्या माय," म्हणले. "मागं सरकून बसल्यात. हात करून राहिल्यात बघ तुला."

अन् माझ्या लेकरानं मान वर केली, सुजलेल्या तोंडानं हसला, अन् त्या रिकाम्या जागेकडं बघून ग्लव्ह हलवला.

"हत्ती गेला, शेपूट राहिलंय," सर म्हणले. बोलले त्याला, पण बघत होते माझ्याकडं. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. "एकच फेरी. एकदा निभाव, बाळा. पाया पडतो."

मी काय बोलू त्या माणसाला? वाईट न्हवता तो. माझ्या पोरावर त्यानं पोटच्या पोरावानी जीव लावला होता. पण त्या घडीला त्याला बी माझं पोरगं दिसलं न्हाई, नुसती नोकरीची ती एक जागा दिसली. अन् खरं सांगू? एक पळभर मला बी दिसली.

स्टूल काढलं. माउली उठला.

तवा मी वरडले. शपथ गेली चुलीत, पाप काय लागायचं ते मला लागू दे. "दिसत न्हाई त्याला! माझ्या लेकराला दिसत न्हाई, थांबवा!" सर म्हणून राहिले, नागाबाई, नागाबाई, अन् मी वरडतच राहिले. "डोळा गेलाय त्याचा! आवो साहेब, थांबवा की!"

पंचानं दोन्ही हात हलवले अन् निळ्या पोराला मागं नेलं. माउलीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, मग समदं अंग वळवलं, तवा कुठं मी त्याला दिसले. वीतभर अंतरावर.

"माय," म्हणला, "शपथ घातली होती तुला." राग न्हवता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

"हाव," म्या म्हणलं. "मोडली."

सकाळचाच तो डॉक्टर पळत वर आला. आता त्याला सवड होती. माउलीचं तोंड उजेडाकडं धरलं, बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं. मग आपल्या पंजानं त्याचा उजवा डोळा झाकला अन् म्हणला, "घाबरू नको. ह्या डोळ्यानं जेवढं दिसतं तेवढं सांग."

मी वाट बघून राहिले. अर्धं दिसतंय असं म्हणंल. काळा पडदा अर्ध्यावर हाय असं म्हणंल. ऑपरेशनला अजून उशीर झाला न्हाई, आज संध्याकाळपर्यंत पोचू नांदेडला, असं मनात चालू होतं माझं.

माउलीनं मान इकडं केली, तिकडं केली. ग्लव्ह घातलेला हात पुढं करून हवेतच चाचपला.

"माय?" म्हणला. "माय, हायस का गं?"

"हाय रे राजा," म्या म्हणलं अन् त्याचा ग्लव्ह माझ्या दोन्ही हातांत धरला. "तुझ्या समोरच हाय."